पिंपळे सौदागरचे सात एकर

पुणे-पिंपरी भागात राहणाऱ्या कुणालाही ‘पिंपळे सौदागर’ म्हटलं की उंच इमारती, रुंद रस्ते आणि संध्याकाळची वाहनांची रांग आठवते. तिथल्या जागेचा भाव आज चौरस फुटात सांगितला जातो. पण साधारण एकशे दहा वर्षांपूर्वी पवनेकाठच्या या गावात जमिनीचा हिशेब एकरात आणि गुंठ्यात मांडला जात होता. तो मांडणारे गृहस्थ महसूल खात्यातले नव्हते आणि अर्थशास्त्राचे प्राध्यापकही नव्हते. ते रसायनशास्त्रज्ञ होते. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन. कॉलेजातल्या सहकाऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी हे एक गाव मुळापासून तपासलं आणि १९१७ साली त्यावर पुस्तक लिहिलं. मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र मालेतलं ते पहिलं पुस्तक. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ सांगायचा तर ‘दख्खनच्या एका खेड्यातील जमीन आणि श्रम’.

या पुस्तकाची आठवण आज काढायला एक निमित्त आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडच्या महाविद्यालयांत चार वर्षांची ‘ऑनर्स’ पदवी आली. विद्यार्थ्यांनी वर्गाबाहेर जावं, एखादा सामाजिक प्रश्न हाती घ्यावा, त्यावर प्रकल्प करावा, अशी तरतूद झाली आणि त्याला श्रेयांकही मिळू लागले. या सगळ्याला ‘आंतरविद्याशाखीय अभ्यास’ असं भारदस्त नाव आहे. शब्द उच्चारतानाच दम लागतो, त्यामुळे ही काहीतरी नवी, परदेशातून आलेली गोष्ट असावी असं मुलांना वाटतं. अनेक प्राध्यापकांनाही वाटतं. प्रत्यक्षात आपल्या मुलखात ही गोष्ट दोनशे वर्षांपासून होत आली आहे, आणि बऱ्याचदा ज्यांचा तो ‘विषय’ नव्हता अशा लोकांनी ती केली आहे.

सुरुवात एका डॉक्टरपासून करावी लागेल. १८१८ साली पेशवाई बुडाली. त्यानंतर दोनच वर्षांत, १८२० च्या सुमारास, कंपनी सरकारच्या नोकरीतल्या थॉमस कोट्स नावाच्या शल्यवैद्यानं पुण्याजवळच्या लोणी या गावाचं वर्णन लिहून काढलं. हे लोणी म्हणजे नगर रस्त्यावरचं लोणीकंद. डॉक्टरनं गावातलं आजारपण लिहिलं असतं तर नवल नव्हतं. पण कोट्स यांनी माती लिहिली, घरं लिहिली, लोक काय खातात, काय नेसतात, सरकारात किती भरतात ते लिहिलं, आणि कर्जही लिहिलं. गावातले पंधरा-सोळा शेतकरी सोडले तर बाकी सगळे कमीअधिक कर्जात होते. ही नोंद फार महत्त्वाची आहे, कारण इंग्रजी अंमल नीट बसायच्या आधीची ती आहे. पुढे शंभरावर वर्षांनी समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी त्याच गावाचा पुन्हा अभ्यास केला आणि १९६० साली त्यावर पुस्तक लिहिलं. एकाच गावाची इतक्या अंतरानं दोनदा झालेली तपासणी आपल्याकडे विरळाच.

कर्जाचा हा प्रश्न पुढे पेटला. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. पुणे आणि नगर जिल्ह्यांत ठिकठिकाणी तेच झालं. लोकांचा रोख मुख्यतः कागदांवर होता. गहाणखतं आणि कर्जरोखे बाहेर काढून त्यांची होळी झाली. सरकारनं चौकशी आयोग नेमला, आणि त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. ही हकिकत शाळेच्या पुस्तकात असते. एक तपशील मात्र तिथं नसतो. शेतकरी कर्जबाजारी का होतो, याचं त्या काळी एक ठरलेलं उत्तर होतं: लग्नकार्यात उधळपट्टी करतो म्हणून. साहेब लोक हे म्हणत, आणि शहरातले आपले शिकलेले लोकही म्हणत. आयोगानं पुरावा पाहिल्यावर लिहिलं, की लग्नखर्चाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं गेलं आहे. लग्नाचा खर्च होतो हे खरं, पण सगळ्या कर्जाचं मूळ तिथं नाही. आज दीडशे वर्षांनंतरही शेतकरी आत्महत्यांची चर्चा निघाली की कुणीतरी लग्नाचा मांडव मध्ये आणतोच, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

त्याच काळात पुण्यातच एक माणूस याच प्रश्नाचा आपल्या पद्धतीनं धांडोळा घेत होता. महात्मा जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ सालचा. त्याला आपण आसूडच समजतो, आणि तो आहेही. भटशाहीवर आणि गोऱ्या अंमलदारांवर त्यात जे फटके आहेत ते सगळ्यांना ठाऊक असतात. पण त्याच पुस्तकात शेतकऱ्याच्या घराचं, अंगणाचं, जेवणाचं बारीक वर्णन आहे. जंगलखात्यानं गायरानं बंद केल्यावर जनावरांचं काय झालं ते आहे. पावसाबरोबर रानातली सुपीक माती आणि पाल्यापाचोळ्याचं खत वाहून जातं, ते अडवायला ताली-बंधारे घाला, अशी सूचना आहे. धर्म, नोकरशाही, जनावरांची पैदास आणि मातीची धूप हे सारं एकाच पुस्तकात. विद्यापीठाची पदवी नसलेल्या माणसानं हे केलं. किंबहुना ती नव्हती म्हणूनच विषयांमधली कुंपणं त्यांना दिसली नसावीत, असं मला वाटतं.

आता पुन्हा मॅनसाहेबांकडे येऊ. ते १९०० साली भारतात आले ते चहासाठी. चहामळ्यांच्या मालकांच्या संघटनेनं त्यांना शास्त्रज्ञ म्हणून कलकत्त्याला आणलं. चहाच्या झुडपावरची कीड आणि रोग हा त्यांचा प्रांत. पण त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये एक वेगळंच काम गाजत होतं. यॉर्क शहरातल्या चॉकलेटच्या कारखानदार घराण्यातले सीबोम राउन्ट्री यांनी १८९९ मध्ये त्या शहरातली कामकऱ्यांची घरं तपासली होती. ११ हजार ५६० कुटुंबं. राउन्ट्री यांनी प्रश्न असा घातला: माणसाला नुसतं कामापुरतं धड राहायचं तर किती अन्न लागतं? आहारशास्त्रातले त्या काळचे ताजे आकडे घेऊन त्यांनी खाण्याचा किमान खर्च काढला, त्यात घरभाडं, कपडे, सरपण मिळवलं आणि एक रेघ मारली. पाच माणसांच्या कुटुंबाला आठवड्याला २१ शिलिंग ८ पेन्स. आज आपण ‘दारिद्र्यरेषा’ म्हणतो तिचे हे एक मूळ. शहरातले २८ टक्क्यांच्या जवळपास लोक गरिबीत निघाले. लंडनसारख्या महानगरातच गरिबी असते, असं समजणाऱ्यांना तो धक्का होता.

मॅन यांना ही पद्धत फार पटली. शहरात ही स्थिती, तर खेड्यात काय असेल? बेडफर्डशायरमधल्या रिजमाउंट नावाच्या खेड्यात त्यांनी तीच मोजपट्टी लावली आणि १९०४ च्या सुमारास तो अभ्यास मांडला. म्हणजे दख्खनचं खेडं पाहण्याआधी त्यांनी स्वतःच्या देशातलं खेडं पाहिलं होतं, आणि तिथंही गरिबी सापडली होती. मला हे महत्त्वाचं वाटतं. परक्या मुलखात येऊन ‘इथले लोक असेच’ म्हणणं सोपं असतं. ज्यानं घरचं दारिद्र्य मोजलं आहे त्याच्या तोंडी ते सहसा येत नाही.

१९०७ मध्ये ते पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य झाले. विठ्ठल रामजी शिंदे यांच्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनच्या पुण्यातल्या कामात त्यांनी भाग घेतला, आणि पुणे शहरातल्या अस्पृश्य वर्गाच्या राहणीवर १९१२ साली एक लेखही लिहिला. नीरेच्या खोऱ्यात कालव्याचं पाणी आल्यावर जमिनी खारावू लागल्या होत्या, त्यांचा अभ्यास त्यांनी व्ही. ए. ताम्हणे यांच्याबरोबर १९१० साली केला. वरवर पाहता तो शुद्ध रसायनशास्त्राचा विषय: मातीत कोणता क्षार किती. पण क्षार वर येतो तो पाणी मुरून निचरा न झाल्यामुळे. पाणी जास्त का दिलं जातं, तर उसासाठी. ऊस का, तर रोख पैसा हवा म्हणून. आणि रोख पैसा हवा, कारण सारा आणि व्याज रोखीत द्यायचं. प्रयोगशाळेतली परीक्षानळी अशी सावकाराच्या वहीपर्यंत घेऊन जाते. सांगली-कोल्हापूरकडच्या क्षारपड जमिनी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळं समजवायला नको.

अशी तयारी असलेला माणूस पिंपळे सौदागरमध्ये शिरला. काम १९१४-१५ चं आहे. गावाची माती, ओढे आणि निचरा, विहिरी आणि त्यांचं पाणी, पिकं, झाडं, जनावरं, हे सगळं शेतकी शास्त्रज्ञांच्या डोळ्यांनी पाहिलं गेलं. मग दप्तर उघडलं. पुण्याजवळचं गाव असल्यानं जुने कागद उपलब्ध होते. त्यांतून मॅन यांनी खातेदाराच्या वाट्याला सरासरी किती जमीन होती ते काळाच्या क्रमानं काढलं. १७७१ मध्ये, म्हणजे थोरल्या माधवरावांच्या अमदानीत, ४० एकर. १८१८ मध्ये साडेसतरा एकर. १८२० ते १८४० या काळात १४ एकर. आणि १९१४-१५ मध्ये ७ एकर.

चाळीसाचे सात. हा एक तक्ता पुढची कित्येक वर्षं भारतभर गाजला. रजनी पाम दत्त यांनी १९४० साली इंग्रजी राजवटीवर जे आरोपपत्रच लिहिलं, त्यातही हे आकडे आले. इथं थोडं थांबायला हवं. आकडे नीट पाहिले तर सर्वांत मोठी घसरण, चाळीसावरून साडेसतरावर, १८१८ पर्यंत झाली आहे. म्हणजे पेशवाईतच! इंग्रजांच्या माथी सगळं मारायचं तर ही अडचण येते. दुसरं असं, की सरासरी ही फसवी बाई आहे. चार मोठी खाती मोडली की सरासरी कोसळते, त्यासाठी लहान शेतकऱ्याचं काही बिघडावं लागत नाही. आणि ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती ते या सरासरीत येतच नाहीत, तेव्हाही नाहीत आणि आजही नाहीत. तेव्हा १७७१ साली पिंपळे सौदागरात सुखाची नदी वाहत होती, असा अर्थ कुणी काढू नये. पण १८१८ नंतरच्या शंभर वर्षांतही वाटणी अर्ध्याहून खाली आली, हेही तितकंच खरं.

खरी गोष्ट सरासरीच्या आत होती. १५६ खातेदारांकडे मिळून जमिनीचे ७२९ तुकडे होते. त्यांतले ४६३ तुकडे एका एकराहून लहान. ११२ तर पाव एकराहूनही, म्हणजे दहा गुंठ्यांहूनही लहान. एका शेतकऱ्याचे चार-पाच तुकडे, तेही चार दिशांना. नांगर घेऊन एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जायचं. एवढ्याशा जमिनीत विहीर पाडणं परवडत नाही, आणि पाडली तरी पाणी दुसऱ्याच्या बांधावरून न्यावं लागतं. बांधावरून भांडण म्हणजे काय असतं हे मराठी वाचकाला मी काय सांगणार!

वारसाहक्कानं सगळ्या भावांना सारखी वाटणी मिळते म्हणून तुकडे होतात, असं लगेच म्हटलं जातं. पण तो रिवाज जुनाच होता. मग तुकडे आताच एवढे का झाले? पूर्वी भाऊ एकत्र राहत, एखादा फौजेत जाई, एखादा ओसाड गाव वसवायला जाई. १८१८ नंतर मराठी फौजा मोडल्या. पुढे १८३६ मध्ये इंदापुरापासून नवी मोजणी सुरू झाली आणि प्रत्येकाचं नाव, प्रत्येकाचं क्षेत्र सरकारी वहीत वेगळं चढू लागलं. माणसं वाढली, पण शेतीबाहेरचं काम त्या मानानं वाढलं नाही. कायदा, लष्कर, लोकसंख्या आणि महसूल अशा चार खात्यांची कारणं एका दहा गुंठ्याच्या तुकड्यात येऊन बसली होती.

शेवटी मॅन यांनी राउन्ट्रीची मोजपट्टी काढली. किमान अन्नवस्त्राला किती लागतं हे ठरवलं आणि गावातल्या १०३ कुटुंबांचं उत्पन्न, कर्ज आणि मजुरी त्याच्याशी ताडून पाहिली. नुसत्या जमिनीवर ज्यांचं भागत होतं अशी कुटुंबं निघाली ८. बाहेरच्या कमाईची जोड मिळाल्यावर भागत होतं अशी २८. आणि जमीन अधिक मजुरी सगळं धरूनही ज्यांचं भागत नव्हतं अशी ६७. शंभरातली पासष्ट.

यावर शंका घ्यायला जागा होती. गाव पुण्याजवळ, खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना जवळ, शहराची हवा लागलेली. हे काही अस्सल खेडं नव्हे, असं म्हणता आलं असतं. मॅन यांना स्वतःलाच ते जाणवलं असावं. दुसऱ्या अभ्यासाला त्यांनी शहरापासून लांबचं, कोरडवाहू मुलखातलं गाव निवडलं: शिरूर तालुक्यातलं जातेगाव बुद्रुक. एन. व्ही. कानिटकर यांच्याबरोबरचं हे पुस्तक १९२१ साली आलं. शहरापासून लांब म्हणून गाव सुखी असेल, असं ज्यांना वाटत होतं त्यांची निराशा झाली. न भागणाऱ्या कुटुंबांचं प्रमाण तिथं ८५ टक्क्यांवर होतं. कारखान्याची मजुरी ही गावाला लागलेली कीड नव्हती, तोच आधार होता.

मॅन यांच्या तक्त्यांत शेतकऱ्याचा आवाज ऐकू येत नाही. तो ऐकायचा तर फुल्यांकडेच जावं लागतं. आणि ‘मग करायचं काय?’ या प्रश्नावर तक्ते गप्प असतात. त्यावर त्याच सुमाराला एका तरुणानं जे लिहिलं ते फार कमी वाचलं जातं.

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कमध्ये, कोलंबिया विद्यापीठातल्या मानववंशशास्त्राच्या प्रा. गोल्डनवायझर यांच्या वर्गात भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्यानं भारतातल्या जातींवर निबंध वाचला. वय पंचवीस. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता आणि त्याच विषयात त्यांनी १९१५ मध्ये एम.ए. केलं होतं. पण कोलंबियात त्यांनी इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र असे नाना वर्ग गाठले. त्या निबंधात याचा उपयोग दिसतो. जात टिकते ती जातीतच लग्न करण्याच्या नियमानं, हे त्यांचं सूत्र. मग ते हिशेबाला बसतात. जातीच्या आत स्त्री-पुरुषांची संख्या साधारण सारखी ठेवायची, तर नवरा मेल्यावर उरलेल्या बाईचं काय करायचं, आणि बायको मेल्यावर उरलेल्या पुरुषाचं काय? सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही रूढी त्यांनी या हिशेबातून उलगडून दाखवल्या. मानववंशशास्त्राच्या वर्गात अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यानं केलेली ही आकडेमोड आहे. एरवी ज्या रूढींवर नुसते अश्रू तरी ढाळले जात किंवा नुसतं समर्थन तरी होई, त्यांच्यामागचं यंत्र यातून उघडं पडलं.

दोनच वर्षांनी, १९१८ मध्ये, आंबेडकरांनी लहान धारणक्षेत्रांवर लेख लिहिला. शेतीच्या तुकड्यांची चर्चा तेव्हा जोरात होती. मुंबई इलाख्याचे शेतीखात्याचे संचालक कीटिंग यांच्यासारखे अधिकारी तुकडे पडू नयेत म्हणून कायदा करा, असं सुचवत होते. आंबेडकरांनी प्रश्नच फिरवला. जमीन लहान की मोठी हे नुसत्या एकरांवरून कसं ठरवता? त्या जमिनीवर किती भांडवल लागलं आहे, किती हात राबत आहेत, त्यांचं प्रमाण काय, हे पाहिल्याशिवाय सात एकर कमी की जास्त हे सांगता येत नाही. भारतात जमिनीवर माणसांची गर्दी आहे, त्यांतल्या अनेकांच्या हातांना पुरेसं काम नाही, आणि खाणारी तोंडं तर सगळीच आहेत. तेव्हा रोगाचं ठिकाण शेत असलं तरी औषध शेताबाहेर आहे. उद्योग वाढवा, माणसं तिकडे जाऊ द्या, शेत आपोआप सावरेल.

मॅन आणि आंबेडकर, दोघांनीही अनेक शास्त्रांचा आधार घेतला. पण माती आणि दप्तर यांच्या बाजूनं आलेल्या माणसाला तुकडा दिसला, आणि भांडवल व जात यांच्या बाजूनं आलेल्या माणसाला गर्दी दिसली. चार विषय एकत्र आणले की चार उत्तरांची बेरीज होते, असा आपला भाबडा समज असतो. इथं मूळ प्रश्नच बदलला. जातेगावचे आकडे आंबेडकरांच्या लेखानंतर तीन वर्षांनी आले. कारखान्याजवळच्या गावापेक्षा लांबचं गाव अधिक हलाखीत, हा त्यांचा निष्कर्ष आंबेडकरांच्या म्हणण्याला बळच देतो, असं माझं मत आहे.

हा वाद कागदावर राहिला नाही. १९२७ साली मुंबईच्या कायदेमंडळात लहान धारणक्षेत्रांसंबंधी विधेयक आलं. आंबेडकर तेव्हा तिथं सभासद होते आणि त्यांनी त्याला विरोध केला. तुकडे जोडायच्या नावाखाली लहान शेतकऱ्याची जमीन जाईल आणि तो मजूर होईल, त्यापेक्षा एकत्र मिळून, सहकारानं शेती करा, असा त्यांचा मुद्दा होता. विधेयकाला बाहेरही मोठा विरोध झाला आणि ते बारगळलं. वीस वर्षांनी, १९४७ मध्ये, तुकडेबंदी-तुकडेजोड कायदा झालाच. त्या कायद्यानं तुकडे किती थांबले हे प्रत्येकानं आपल्या गावाच्या सातबाऱ्यावर पाहावं. शहरांजवळ तर लोकांनी गुंठेवारीचे व्यवहार साध्या मुद्रांकावर करून टाकले, आणि सरकारला ते नियमित करण्यासाठी पुन्हा पुन्हा नियम बदलावे लागले.

या परंपरेचा पुढचा मुक्काम गोखले अर्थशास्त्र संस्था. १९३० साली पुण्यात ती निघाली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे प्रमुख झाले. पुणे शहराच्या त्यांच्या पाहणीचे दोन भाग १९४५ आणि १९५२ साली प्रसिद्ध झाले. इरावतीबाई कर्वे यांनी जाई निंबकर यांच्याबरोबर कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांची पाहणी केली, तिचं पुस्तक १९६९ चं. धरण अभियंत्यांचं, मोबदला महसूल खात्याचा, अशी सरकारी वाटणी असते. पण गाव फुटून तीन जिल्ह्यांत विखुरलं तर सोयरीक कुठं जुळवायची, देवीची पालखी कुठं न्यायची, भावकी कुणाला म्हणायचं? हे प्रश्न कोणत्याच खात्याच्या रकान्यात बसत नाहीत, ते विचारायला मानववंशशास्त्राची बाई लागते.

आणि मॅन? ते १९२७ मध्ये नोकरीतून निवृत्त होऊन परत गेले, पण दख्खन त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. मुंबई इलाख्याच्या दख्खन भागातला १८६५ ते १९३८ पर्यंतचा पाऊस आणि दुष्काळ यांची सांगड घालणारं त्यांचं पुस्तक १९५५ साली निघालं, तेव्हा ते त्र्याऐंशीच्या घरात होते. १९६१ मध्ये ते वारले. त्यांचे विखुरलेले लेख डॅनियल थॉर्नर यांनी नंतर एकत्र करून छापले. जुन्या ग्रंथालयांत अजून ते सापडतात.

आजच्या ऑनर्सच्या मुलांना बहुतेक वेळा काय करायला सांगतात? शंभर जणांची प्रश्नावली भरून घ्या, त्याचे टक्के काढा, रंगीत आलेख जोडा आणि स्पायरल बाइंडिंग करून द्या. प्रकल्प संपला. अर्थशास्त्राचा विद्यार्थी विहिरीत डोकावत नाही, रसायनशास्त्राचा विद्यार्थी कर्जाचा विषय काढत नाही, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला मोडी वाचता येत नाही. दोष मुलांचा नाही. एका गावाला तीन विषयांची तीन मुलं एकत्र पाठवायची तर वेळापत्रक जुळत नाही, आणि गुण कुणी द्यायचे यावर विभागांत एकमत होत नाही. मॅन यांना ही सोय होती, की कॉलेजचे प्राचार्य तेच होते!

तरीही एखाद्या गटाला करायचंच असेल तर अवघड नाही. एक गाव घ्यावं, शक्यतो आपल्यापैकी कुणाचं तरी. गावातल्या चार विहिरींचं पाणी तपासावं. एका खात्याचे गेल्या शंभर वर्षांतले फेरफार लावून पाहावेत, जमीन कुणाकडून कुणाकडे गेली आणि कोणत्या साली गेली ते मांडावं, आणि त्या सालांसमोर दुष्काळाची सालं लिहावीत. घरात महिन्याला काय शिजतं ते बाईमाणसांना विचारावं, कारण पुरुषांना ते बहुधा माहीत नसतं. शहरात नोकरीला गेलेला मुलगा दरमहा किती पाठवतो तेही विचारावं. जुने फेरफार आता बऱ्याच ठिकाणी संगणकावर दिसू लागले आहेत. जिथं नसतील तिथं तलाठ्याकडे जावं लागेल. २०२४ पासून त्यांना ‘ग्राम महसूल अधिकारी’ म्हणतात. त्यांच्याकडे जुनी वही मागितली की पहिला प्रश्न येतो, ‘कशाला पाहिजे?’ त्याचं उत्तर ठरवून मगच पायरी चढावी.